बिब्बा उतला म्हणे

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर पेन हातात आलं ते सही करायला आणि किराणाची यादी करायला. कुठं वेलांटी चुकली असेल, कुठं काना राहिला असेल, तर माफ करा. असं लिहिते खरं, पण माफी कुणाची मागते ते मलाच माहीत नाही. ही वही कुणी वाचायची नाही, ती पिठाच्या डब्यामागं असते. चारचौघांत माझा आवाज घशाच्या वर येत नाही, म्हणून जे बोलायचं राहिलं ते इथं लिहिते.

डाग डाव्या टाचेवर आला, अख्ख्या मसुराएवढा. मी तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. दिवसभर ढिगापुढं बसायचं, काड्या काढायच्या, काळे दाणे वेचून बाजूला टाकायचे. त्यात माझा हात लय चालतो असं मुकादमीण सांगते. आणि स्वतःच्या टाचेवरचा काळा दाणा मला वेचता आला नाही. दुसऱ्यांबद्दल पुढं बरंच वाईट लिहिणार आहे, म्हणून हे आधी लिहून ठेवते.

त्या दिवसांत वन्सं आल्या होत्या. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. साताऱ्यात त्यांचं दोन मजली घर आहे, यजमान चांगल्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. आमच्या घरात पाऊल टाकलं की त्या आधी डबे उघडून बघतात, मग पाणी मागतात. मी लंगडते म्हणून त्यांनी माझी टाच उलटी करून बघितली आणि सांगितलं की ही भोवरी आहे, म्हणजे कुरूप. डॉक्टरकडं जाऊन पैसे घालवायचे नाहीत, बिब्बा घालायचा. त्यांनीच बिब्ब्याला दाभण टोचलं, दिव्यावर धरलं आणि तापलेलं तेल टाचेवर सोडलं. मी ओठ चावून बसले. भावाच्या बायकोला चटका देताना त्यांचा हात जराही हलला नाही, ते कौशल्य मात्र मानलं पाहिजे.

बिब्ब्याचा डाग काळाच असतो आणि लवकर जात नाही, हे आमच्याकडं लहान पोराला ठाऊक असतं. त्यामुळं त्या दिवसापासून माझी टाच काळी का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

चार-पाच महिन्यांनी डाग पसरला, मग चिघळला. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बहिणीला फोन लावला. त्या पलीकडून म्हणाल्या, "बिब्बा उतलाय. खोबरं नि तीळ वाटून लाव." बिब्बा एखाद्याला सोसत नाही, अंगावर फोड येतात, पाणी सुटतं, त्याला आम्ही उतणं म्हणतो. उतलेल्या बिब्ब्याला कुणी दवाखाना करत नाही. मग मी वर्षभर विचारेल त्याला तेच सांगितलं, उतलाय. शेडवरच्या बाया माना हलवायच्या. गावातल्या डॉक्टरनंही बिब्बा हा शब्द ऐकला आणि खुर्चीतून न वाकता मलम लिहून दिलं. तीन वेळा दिलं. तिन्ही वेळा तपासायचे पैसे घेतले, म्हणजे मलमाकडं बघायचेच घेतले असणार. एका शब्दानं एवढी माणसं आंधळी होतात, हे मी त्याआधी बघितलं नव्हतं.

एक दिवस शेडवर बेदाण्याच्या जाळीला माझ्या टाचेचं रक्त लागलं. मुकादमिणीनं माल खराब होईल म्हणून मला घरी हाकललं. तिला माझी काळजी नव्हती, मालाची होती, पण तिच्यामुळं मी मिरजेला पोचले. तिथली डॉक्टरीण कोवळी होती, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं माझा पाय सरळ हातात घेतला. मी लाजून ओढून घेतला, तिनं परत धरला.

"हा काळा डाग कधीपासून आहे?"

"त्यो बिब्ब्याचा हाय," मालक म्हणाले.

"बिब्बा कशावर लावला होता?"

"डागावर."

तिनं पाय स्टुलावर ठेवला. मालकांकडं बघून हळू म्हणाली, "मग काका, डाग बिब्ब्याच्या आधीचा झाला ना."

एवढं साधं आमच्या घरात कुणाला सुचलं नव्हतं. बिब्बा डागावर घातला आणि पुढं डाग बिब्ब्याचा ठरवला.

टाचेचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि मेलॅनोमा निघाला. कातडीचा कॅन्सर. मला त्या नावातलं पुढचं काही ऐकू आलं नाही, फक्त मेला ऐकू आलं. आमच्याकडं बाया गळणाऱ्या नळाला मेला म्हणतात, दूध पिणाऱ्या बोक्याला म्हणतात, तेव्हा रोगालाही मी तेच नाव ठेवलं. आजही पाय ठणकला की मनात म्हणते, मेला उठला वाटतं. बोक्याला भीत नाही तशी त्यालाही भीत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण शिवी दिली की थोडा वेळ तो माझ्याहून लहान होतो.

बिब्ब्यामुळं कॅन्सर होत नाही, तो नुसता झाकला गेला, असं डॉक्टरिणीनं मला नीट समजावलं. वन्संना हे फोनवर कळलं तेव्हा त्यांनी काय म्हणावं? "मी बिब्बा घातला म्हणून रोग वर आला, न्हाईतर आतच राहिला असता." मालकांनी ते मला मोठ्या आदरानं येऊन सांगितलं. मी भाकरी थापत होते. ती भाकरी करपली.

ऑपरेशन रेशनकार्डावर सरकारी योजनेत बसलं. पण त्याआधीच्या तपासण्या बाहेरून करायच्या होत्या, त्यात पेट स्कॅन होतं. रोग पायाला आणि पोटाचं स्कॅन कशाला, म्हणून मालक काउंटरवर भांडले. तिथल्या मुलीनं पेट म्हणजे पोट नव्हे हे सांगेपर्यंत मागची रांग हसत होती. शेवटी चाळीस हजार कमी पडले आणि ते वन्संनी दिले. उपकार झालाच, नाही म्हणत नाही. पण पैसे खात्यात यायच्या आधी बातमी सगळ्या भावकीत पोचली होती. एका साखरपुड्यात त्यांनी मोठ्यानं सांगितलं म्हणे, "तिला मी वाचवली." तेव्हा मी अजून वाचलेही नव्हते, ऑपरेशनला आठ दिवस होते.

त्या आठ दिवसांत मला काय भीती वाटत होती ते लिहून ठेवते, कारण कुणाला सांगितलं तर हसतील. मरायची भीती होती, पण ती मागं होती. पुढं उभी होती ती दुसरीच. मी गेले तर माझ्या तेराव्याला वन्सं पाटावर बसून भाताबरोबर चाळीस हजार सगळ्यांना वाढणार, आणि मला उत्तर द्यायला तोंड नसणार. जिवंतपणीही नसतं, ती गोष्ट वेगळी. म्हणून मी ठरवलं की आधी पैसे फेडायचे. मरायचं असेल तर त्यानंतर.

ऑपरेशनमध्ये टाचेचं मांस काढलं आणि मांडीची कातडी सोलून तिथं लावली. जांघेतल्या गाठी काढल्या. टाचेपेक्षा मांडी जास्त दुखली, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. सहा आठवडे पाय खाली टेकायचा नव्हता. लेक बाळंतपणाआधीचे दिवस मोजत सासरी होती, तिला बोलवायचं नाही असं मी बजावलं. मालकांनी भात करायला शिकून घेतलं. तो भात कधी खीर व्हायचा, कधी खडे.

आणि बघायला येणारी माणसं. येताना केळी आणायची, कारण केळी स्वस्त. टेकायच्या आधी म्हणायची, बघू पाय. जसा काही जत्रेतला दोन तोंडांचा बैल बांधलाय. बघून झालं की आपापल्या ओळखीतल्या मेलेल्या माणसांची नावं सांगायची, कुणाला कुठं गाठ आली आणि तो किती महिन्यांत गेला. एक जाऊ चहा घेईना. उपवास आहे म्हणाली. तिनं दारात चप्पल घालता घालता पिशवीतलं फरसाण काढून खाल्लं, ते मला खिडकीतून दिसलं. हात लावून होत नाही हा रोग, हे मी तिला सांगू शकले असते. नाही सांगितलं. असल्या माणसाला अडाणी ठेवण्यात एक सुख आहे.

पाय उशीवर ठेवून मी वाकळा शिवायला घेतल्या. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर धावदोरा. आधी शेजारणीची एक, मग शेडवरच्या बायांच्या दोन, मग कुणी सांगलीहूनही मागितली. वाकळ शिवताना सुईकडं बघावं लागतं, डोक्यात मेला घिरट्या घालत असला तरी. चार बोटांचा टाका दोन बोटांचा झाला तेव्हा मला कळलं की मी रोज थोडी कमी घाबरते आहे. पैसे बाजूला पडू लागले, ते मी माझ्याच खात्यात टाकले. मालकांना सांगितलं नाही, ते बहिणीला सांगतील म्हणून.

पुढं वॉकर सुटला. मऊ रबराची चप्पल मिळाली, ती घरातही घालायची. संध्याकाळपर्यंत पाय सुजतो, म्हणून सकाळी उठल्या उठल्या घट्ट मोजा चढवायचा. तो चढवताना पाव तास जातो आणि अर्धा शेर घाम. पाचव्या महिन्यात मी शेडवर परत गेले. मुकादमिणीनं मला ढिगाच्या टोकाला बसवलं आणि माझ्यासाठी वेगळा पेला आणून ठेवला. मी त्यात पाणी प्याले आणि दाणे वेचले. संध्याकाळी माझी पाटी सगळ्यात स्वच्छ निघाली. दुसऱ्या आठवड्यात ती पेल्याचं विसरून गेली. भीतीसुद्धा नीट धरता येत नाही या लोकांना.

डॉक्टरिणीनं सांगितलं होतं की महिन्यातून एकदा सगळं अंग बघायचं, नवा तीळ आला का, जुना वाढला का. तळवा मी आरसा जमिनीवर ठेवून बघते. पाठीला माझे डोळे नाहीत, म्हणून ते काम मालकांना दिलं. सव्वीस वर्षांत त्यांनी माझी पाठ भर उजेडात बघितली नव्हती. पहिल्या वेळी दार लावून मी भिंतीकडं तोंड करून बसले, कानशिलं तापली होती. ते चष्मा लावून लय वेळ बघत राहिले. मग गंभीर आवाजात म्हणाले, "हितं एक नवीन हाय. पण ती चालतीया." मुंगी होती. मी हसले, खूप दिवसांनी मोठ्यानं. या माणसाबद्दल वाईट लिहायचं ठरवलं की असं काहीतरी मध्ये येतं.

वाकळा आणि शेड धरून सव्वीस हजार जमले तेव्हा मी ते पाठवले. वन्संनी भावाला फोन करून विचारलं, एवढे पैसे आले कुठनं, काही विकलं का. त्याच महिन्यात मला जांघेत गाठ लागली, शेंगदाण्याएवढी. मिरजेत सुईनं पाणी काढून तपासायला पाठवलं, दहा दिवसांनी या म्हणाले. ते दहा दिवस मी कुणाशी बोलले नाही. एरवीही बोलत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. राहिलेल्या चौदा हजारांसाठी मी चार वाकळांचे पैसे आगाऊ घेतले आणि कानातले मोडले. मालकांनी कानाकडं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. निकाल आला, गाठ साधी होती. पायाच्या भेगेत पू झाला होता, त्याची. डॉक्टरीण हसून सांगत होती आणि मी हिशोब करत होते की कानातले उगाच मोडले. मग वाटलं, उगाच नाही.

मी एकटी एसटीनं साताऱ्याला गेले. कऱ्हाडला गाडी बदलली, मोजा घालून, चप्पल घालून. वन्संनी दार उघडलं आणि माझ्या मागं बघितलं, भाऊ आहे का. मी सोफ्याच्या कडेला बसले आणि पदरातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा मोजले. दुसऱ्यांदा मोजताना बोट जिभेला लावलं.

"एवढी काय घाई होती गं? आम्ही काय मागत होतो का?"

मी टेबलावरचं पाणी प्याले.

"मागत न्हवता वन्सं. सांगत होता."

त्यांनी पाकीट उगाच उलटं करून झटकलं, आत अजून काही आहे का बघितलं. नव्हतं. चौदा हजार होते आणि आधीचे सव्वीस. त्या उठून आत गेल्या, कपाट उघडल्याचा आणि किल्ली फिरवल्याचा आवाज आला. बाहेर आल्यावर चहा टाकू का म्हणाल्या. साडेतीनची गाडी होती, मी नको म्हणाले. चाळीस हजार पुरे झाले होते.