मागच्या सीटवरचं टोपलं

"हे घाला. मग बोलू."

साहेबांचं हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस त्या काळी आमच्या श्रीगोंदा तालुक्यात शोधून सापडला नसता. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ते गटप्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. माणूस समोर आला की ते आधी त्याच्या डोक्याकडे बघायचे, नजरेनंच माप घ्यायचे आणि मोटरसायकलवरचं जादा हेल्मेट पुढं करायचे. त्याला लिफ्ट हवी असो वा नसो.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. हेल्मेट घातलेला माणूस म्हणजे एक तर दरोडेखोर, नाहीतर चंद्रावर निघालेला, अशी आमच्याकडची समजूत. साहेब तर दोन बाळगायचे. लोक हेल्मेटला टोपलं म्हणत आणि साहेबांना टोपलेसाहेब.

एक डोक्यावर, पण दुसरं ठेवायचं कुठं? तुम्ही मोटरसायकल चालवली असेल तर हा छळ तुम्हाला नव्यानं सांगायला नको. साहेबांनी ते कोपरात अडकवून पाहिलं, तर क्लच दाबताना ते असं हिंदकळायचं की एका शेळीनं आपली आई समजून पार पुढच्या गावापर्यंत पाठलाग केला. टाकीवर ठेवलं तर मीटर दिसेना. लेगगार्डला टांगलं तर ओढा ओलांडताना आत बेडूक शिरला, आणि तो पुढं आमच्या ऑफिसातच रुजू झाला. सायकलच्या ट्यूबनं कॅरियरला बांधलं, तर काष्टीच्या बाजारात सुटून गडगडत गेलं. साहेब मागं फिरून येईपर्यंत एक बाई त्यातनं चवळी मापून विकत होती. ही चवळी मी डोळ्यांनी पाहिली आहे. शेळीचं मात्र ऐकीव.

शेवटी साहेबांनी वेल्डिंगवाल्याकडून मागच्या सीटवर एक उभी सळई बसवून घेतली, बसलेल्या माणसाच्या उंचीची. वर पालथी लोखंडी वाटी, वाटीवर हेल्मेट, त्याची काळी काच खाली ओढलेली. हेल्मेटाखाली बटणं लावलेला लांब रेनकोट, दोन्ही बाजूंच्या कॅनव्हासच्या पिशव्यांवर सोडलेला. लांबून वाटायचं, मागं कुणीतरी ताठ बसलंय. सुरुवातीला लोक त्या टोपल्याला रामराम घालत. मग उलगडा झाला आणि नवीच रीत पडली. गाडी उभी दिसली की जाता-येता टोपल्याला टपली मारायची. म्हातारी माणसं मारत, सरपंच मारत. साहेब चिडत नसत. ते टपली मारणाऱ्याला फक्त व्याख्यान देत, आणि ते सुरू झालं की लोक उसात रानडुक्कर शिरल्यासारखे पांगत.

माणसात एक मोठी खोड होती. खोटं बोलता येत नसे. नकोसा माणूस आला की स्वतः खिडकीत येऊन सांगायचे, "मी आत आहे, पण भेटणार नाही." माझ्यासारख्या थापाड्यानं अशा साहेबाच्या हाताखाली दिवस कसे काढले असतील, याचा तुम्हीच विचार करा.

आमच्या ऑफिसात झाडलोट करायला एक काकू होत्या. नवरा गेलेला, दिराच्या घरात राहायच्या. त्यांच्या मुलीला नगरला नर्सिंगला नंबर लागला होता. त्या दिवशी संध्याकाळच्या आत हजर झाली नाही तर जागा जाणार होती. आणि दिरानं नेमकी त्याच संध्याकाळी तिच्या लग्नाची सुपारी फोडायची ठरवली होती. दीर म्हणजे आण्णा. वडाप करणाऱ्या, गावोगाव भाड्यानं माणसं नेणाऱ्या जीपा त्याच्या, एसटी स्टँडवरची माणसं त्याच्या उठण्याबसण्यातली. पोरीला कुठल्या गाडीत घेऊ नका, असं त्यानं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

काकू दुपारी साहेबांच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. केरसुणी हातातच. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "आज गेली न्हाई तर माजी पोरगी जल्मभर दुसऱ्याच्या चुलीम्होरं बसंल, साहेब."

साहेबांनी खिडकीतून मोटरसायकलकडे पाहिलं.  मग मला म्हणाले, "पाना आण."

सळई निघाली आणि त्या जागी पोरगी बसली. अंगात माझी पँट, वर रेनकोट, डोक्यावर हेल्मेट, काच खाली. पाय पिशव्यांच्या आड. हात रेनकोटच्या आत, साहेबांचा पट्टा घट्ट धरलेला. साहेबांनी तिला एकच गोष्ट सांगितली. "हलायचं नाही. काही झालं तरी हलायचं नाही."

तिच्या कपड्यांची पिशवी घेऊन मी मोपेडवर मागं. स्टँड गेलं, पार गेला, कुणी मान वळवली नाही. टोपलेसाहेब आणि त्यांचं टोपलं, त्यात काय बघायचं?

आणि रेल्वेचं फाटक बंद.

गाडी कधी येणार कुणास ठाऊक. साहेबांनी इंजिन बंद केलं. मागून एक जीप आली आणि आमच्या शेजारी थांबली. आतून आण्णा उतरला. संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी पेढे आणायला निघाला होता. 

"काय टोपलेसाहेब, आज एकटंच?"

माझ्या तोंडून थाप श्वासासारखी निघते, पण विचारलं होतं साहेबांना.  त्यांना खोटं येत नव्हतं आणि खरं सांगायची सोय नव्हती. आण्णा हसत जवळ आला आणि सवयीनं हात उचलून टोपल्याला टपली मारली.

रिकामं टोपलं ठणकन वाजायचं. हे वाजलं भरल्या मडक्यासारखं. पोरगी हलली नाही. रेनकोटचं बटणसुद्धा हललं नाही.

आण्णाचा हात हवेतच थांबला. "आवाज बसका येतोय की." तो काचेपाशी वाकला.

साहेबांनी आपलं हेल्मेट काढलं. गाडीवर बसलेल्या साहेबांचं उघडं डोकं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी आण्णाला खांद्याला धरून वळवलं, म्हणाले, "हे घाला. मग बोलू," आणि ते हेल्मेट आण्णाच्या डोक्यावर कानाखालपर्यंत दाबून हनुवटीखाली पट्टा असा आवळला, जशी उसाची मोळी. पट्टा दोन कड्यांमधून उलटा ओवलेला. तो सोडवायचा कसा हे तालुक्यात फक्त साहेबांना माहीत. आण्णाचं डोकं मोठं, हेल्मेट लहान. आतून गुरगुर ऐकू येत होती. तेवढ्यात मालगाडी धडधडत आली. तिला डबे किती होते विचारू नका, मला वाटतं ती अजून चाललीच आहे. फाटक उचललं तेव्हा आण्णा दोन्ही हातांनी कडी ओढत होता, ड्रायव्हर मदतीला धावला होता आणि साहेबांची गाडी, मागं माझी मोपेड, रुळांपलीकडे निघाली.

पोरगी वेळेत पोचली. नर्सिंगच्या फाटकाशी हेल्मेट काढलं तेव्हा काच आतून ओली होती. साहेबांनी ती रुमालानं पुसली आणि तिला म्हणाले, "जा. मागं बघू नको."

परतताना ते तेच हेल्मेट घालून सरळ आण्णाच्या दारात गेले. पाहुणे बसलेले. आण्णानं विचारलं, पोरगी कुठं. साहेबांनी सगळं सांगितलं: नगर, नर्सिंग, रविवारी भेटायची वेळ. आण्णानं दुपारी गळ्यात पडलेलं ते हेल्मेट, कापलेल्या पट्ट्यासकट, जीपच्या चाकाखाली घातलं.

काकूंनी आपलं बोचकं उचलून ऑफिसामागच्या खोलीत आणलं. आण्णाचा कारखान्यात वशिला होता. आठवड्यात साहेबांची बदली झाली, पार खर्ड्याच्या बाजूला, ऊसतोडीच्या टोळ्या जमवायला. तिकडं ऊस औषधालाही नाही.

साहेब निघाले तो दिवस रविवार. सामान टेम्पोत गेलं होतं. काकू नऊवारी नेसून, डब्यात पोरीसाठी लाडू घेऊन गाडीपाशी आल्या. हेल्मेट एकच उरलेलं. साहेबांनी ते काकूंना दिलं आणि स्वतः डोक्याला टॉवेल गुंडाळला. मी म्हटलं, साहेब, आज तुमचं काय? त्यांनी किक मारली.

गाडी भर उन्हात आण्णाच्या दारावरून गेली. तो ओट्यावर उभा होता. तिथं आल्यावर काकूंनी साहेबांच्या खांद्याला हात लावून गाडी हळू करायला सांगितली, आणि काळी काच वर केली.