काचबाईंचे तावदान

होळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या वाचनालयाच्या पूर्वेकडील खिडकीतून रंगीत काचेचे तावदान उतरवण्यात आले. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, त्या जागी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसली. पोळ्याच्या सुमारास मी वाचनालयाला त्याबद्दल तिसरे पत्र दिले, आणि आता मिरचीचा हंगाम पुन्हा तोंडावर आला आहे. जबाबदार व्यक्ती पुढीलप्रमाणे: नूतनीकरणाचा ठराव मांडणारे अध्यक्ष, तो वाचून न पाहता त्यावर सही करणारे कार्यवाह, ‘माल खाली उतरवून दिला, पुढचे मला ठाऊक नाही’ म्हणणारा ठेकेदार, आणि हे सारे वर्तमानपत्राआडून पाहत बसलेले आम्ही सभासद.

ज्या बाईंनी ते तावदान घडवले त्यांनी अशी यादी कधीच केली नसती. काही फुटले की कोणी फोडले हे त्या विचारत नसत. न्यायालयाच्या कचेरीत जन्मभर ‘कोणी’ आणि ‘केव्हा’ एवढेच लिहीत आलेल्या मला हा त्यांचा स्वभाव प्रथम निव्वळ भोळसट वाटला.

सारे नंदुरबार त्यांना काचबाई म्हणे. त्या कळसाडीच्या, गुजर शेतकरी घरातल्या. इथल्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. साठी उलटल्यावर मोबाईलवर पाहून पाहून त्या रंगीत काचकाम शिकू लागल्या आणि जेवढे जमले तेवढे लगेच इतरांना शिकवू लागल्या. त्यांना स्वतःला हे कितपत येते, असे मी वर्गाच्या पहिल्याच रविवारी विचारले होते. “तुम्हनापेक्षा थोडीशी पुढे शे, म्हनीसन तुम्हनी बाई,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या हातातली निळी काच भलतीकडेच तडकली. त्या स्वतःच पहिल्यांदा हसल्या.

वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरे. रनाळ्याहून रिक्षाने येणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी, रेल्वेतले निवृत्त बुकिंग क्लार्क आणि मी, एवढेच विद्यार्थी. मी छंदाच्या ओढीने गेलो नव्हतो. पथदिव्याच्या तक्रारीवरून नगरपालिकेशी माझा पत्रव्यवहार चालू होता, रक्तदाब चढला होता, आणि ‘हाताला दुसरे काहीतरी काम द्या’ असे डॉक्टरांनी सौभाग्यवतींना सांगितले होते.

काच बाई स्वतः सुरतेहून आणत. रंगीत तुकडे जुन्या गोधडीत गुंडाळून, गाडीत मांडीवर घेऊन बसत. शेजारचे प्रवासी गोधडीत बाळ आहे असे समजून जागा देत. उठेपर्यंत त्या त्यांचा गैरसमज दूर करत नसत, आणि कोणी बाळाचे नाव विचारलेच तर सांगतही असत. हे मला कळले तेव्हा याला फसवणूक म्हणतात असे मी म्हणालो. पुढच्या खेपेला नाव काय सांगायचे हे सुचवा, असे त्यांनी मलाच सांगितले.

काच कापण्याची रीत साधी वाटते. कटरने सलग एक रेघ ओढायची आणि दोन्ही हातांनी काच हलकेच मोडायची. रेघेवर पुन्हा रेघ ओढली की काच वाटेल तशी जाते. मला प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाखाली दोनदा रेघ मारण्याची सवय, त्यामुळे माझी प्रत्येक काच वाया जाई. बाईंनी एकदा माझे मनगट धरले. “नाना, काचवर एकच डाव रेघ मारतस. काचले स्मरणपत्र धाडतस का?” तेव्हापासून माझी काच फुटली की बुकिंग क्लार्क गंभीर आवाजात जाहीर करीत, ‘नानांचे अपील फेटाळले.’ फुटलेले तुकडे बाई तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकत आणि प्रत्येक वेळी तेच म्हणत, “राहू द्या. कोठे ना कोठे बसी जाई.”

वाचनालयाच्या खिडकीसाठी मिरचीची पथारी करायची, असे त्यांनी ठरवले. गावाबाहेर उन्हात पसरलेली लाल मिरची आणि तिच्या कडेला वाकलेली एक बाई. काम सुरू झाले ते नेमके हंगामात. बाजारातली मिरचीची धूळ खोलीत शिरे, तुकडे जोडण्यासाठी लावायची तांब्याची चिकटपट्टी काचेच्या कडेला धरत नसे, सोल्डरिंगच्या धुरात तो ठसका मिसळे. आम्ही ओले रुमाल नाकाला बांधून बसत असू. नंदुरबारात मिरचीच्या दिवसांत काच कापायला बसणे हा अविचार फक्त आम्हीच करू शकत होतो. पथारीतला सर्वात मोठा लाल तुकडा कापायला माझ्याकडे होता. रेघ निम्म्यावर आली आणि मला शिंक आली. रेघ वळली आणि काच त्या वळणावरच मोडली. मी नवा तुकडा मागितला. बाईंनी तो वाकडा तुकडा उजेडाकडे धरून पाहिला, शेजारच्या तुकड्याच्या कडा घासून त्याच्याशी जुळवल्या आणि तो तिथेच बसवत म्हणाल्या, “ही तुम्हनी शिंक शे, नाना. आठेच ऱ्हावू द्या.”

तावदान बसले. सकाळी वाचकांच्या लांब टेबलावर लाल उजेड पडू लागला. अक्षरे दिसत नाहीत म्हणून लोक कुरकुरत आणि खुर्च्या सरकवत. पुढे बाई आजारी पडून कळसाडीला भावाकडे गेल्या. पावसाळ्यात मी भेटायला गेलो तेव्हा केळीच्या बागेकडे तोंड करून खाटेवर बसल्या होत्या, फार उतरलेल्या. प्रकृतीबद्दल बोलू दिले नाही. ऊन पडते का, हे विचारले. पडते, पण लोक खुर्च्या सरकवतात, असे मी सांगितले. त्यांना समाधान वाटले. “सरकू द्या. तेवढंच उठनं व्हस.” मग म्हणाल्या, “नाना, मी कोनासंगे भांडनू नही. मन्हा मांगे कोनी ती खिडकी काढाले लागनं, ते तुम्ही भांडशात ना?”

मी हो म्हणालो. गणपती उठण्यापूर्वीच त्या गेल्या.

तावदान काढले त्या आठवड्यात मी नाशिकला मुलाकडे, डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी गेलो होतो. परतलो तेव्हा टेबलावर पांढरा उजेड होता आणि कोणीही खुर्ची सरकवत नव्हते. पहिल्या पत्राला पोच मिळाली. दुसऱ्याला ‘वस्तू सुरक्षित आहे’ असे उत्तर आले; कोठे, ते लिहिले नव्हते. मागच्या खोलीत, माळ्यावर, जिन्याखाली मी स्वतः पाहिले. तिसऱ्याला काहीच नाही. आता दम लागतो. पूर्वी पत्र लिहून झाले की बरे वाटे, आता नुसता हात दुखतो.

म्हणून चौथे पत्र लिहीत नाही, हेच सर्वांसमक्ष छापायला देत आहे. अध्यक्ष महाशय, लेखी खुलासा नको. येत्या वार्षिक सभेत, सकाळी, त्याच टेबलाशी उभे राहून सभासदांना सांगा: बाईंचे तावदान कोठे आहे? फुटले असेल तर तुकडे आणा. कोणी फोडले हे मी, बाईंखातर, विचारणार नाही. पथारीतला सर्वात मोठा लाल तुकडा वाकडा आहे, तो मी ओळखीन.