तीनदा एकोणऐंशी

गणिताच्या बाईंची सत्तावीस वर्षं त्या एकाच शाळेत गेली, आणि तेवढ्या काळात त्यांनी फारसं कुणाला काही शिकवलं असेल असं वाटत नाही. त्यांनी तपासलं. वह्या तपासल्या, पेपर तपासले, बेरजा तपासल्या. बोटाला लाल शाई इतकी मुरली होती की घरी भांडी घासूनही ती जात नसे. तपासण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्या स्वतःच चारचौघांत सांगायच्या.

ही सवय त्यांना लहानपणीच लावली गेली होती. शाळेत त्या स्वतः वर्गातली हुशार मुलगी होत्या. इतरांचं तिसरं गणित चालू असताना यांची दहा व्हायची. मग त्यांच्या मास्तरांनी एक सोयीची युक्ती काढली. रिकामी बसू नकोस, म्हणून बाकीच्यांच्या वह्या तिच्यापुढे टाकल्या. मुलगी हुरळून गेली. आईने शेजारीपाजारी सांगितलं, मावशीने पेन दिलं. आपल्याला पुढचं काही मिळायला हवं होतं हे त्या मुलीला कळलं नाही, आणि बाई झाल्यावर कळलं तेव्हा पगार चालू झाला होता.

शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर हेडसरांचा लाडका ‘प्रज्ञा वर्ग’ भरायचा. दारावर पितळी पाटी, खिडक्यांना पडदे, आणि निवडलेल्या तेवीस मुलांच्या छातीवर पिवळा बिल्ला. हेडसरांना गणिताचा गंधही नव्हता. पण पाहुणे आले की ते त्यांना जिना चढवून वर आणत, एखाद्या पोराला उभं करत आणि विचारत, ‘‘सत्त्याऐंशीचा वर्ग?’’ पोरगं उत्तर द्यायचं. हेडसर पाहुण्यांकडे असे बघायचे, जणू तो आकडा त्यांनी स्वतः जन्माला घातलाय. पालकांचं तर विचारूच नका. बिल्ला धुताना रंग जाईल म्हणून एका आईने तो वेगळ्या डबीत ठेवायला सुरुवात केली होती.

आत काय चालायचं? बाई सराव गणितांचा एक कागद द्यायच्या. वीस गणितं. ज्याची आधी होतील त्याला शाबासकी आणि बक्षीस. बक्षीस म्हणजे आणखी एक कागद, त्यावर तसलीच वीस गणितं. हेडसर याला ‘समृद्धीकरण’ म्हणत, आणि हा शब्द त्यांनी माहितीपत्रकात ठळक छापून घेतला होता. मुलं काही मूर्ख नव्हती. महिन्याभरात त्यांनी हात आखडता घेतला. सोळाव्या गणितावर येऊन ती पेन्सिलीला टोक करत बसायची, पाणी प्यायला जायची, खोडरबर हरवायची. पिवळे बिल्ले लावून बावीस जणं वेळ काढत बसलेली. बाईंना हे दिसत होतं. त्या गप्प राहिल्या, कारण गप्प वर्ग त्यांना आवडायचा.

एकच मुलगी वेळ काढत नसे. बाइंडरची मुलगी. तिचे वडील छापखान्याच्या मागच्या खोलीत पुस्तकं बांधायचे, आणि ती शाळा सुटली की तिथे बसायची. वर्षाच्या सुरुवातीलाच तिने एकेचाळीस कागद सोडवून टाकले. मग एक दिवस ती टेबलाशी आली आणि तिने कागदाची एक लांब पट्टी बाईंपुढे ठेवली.

‘‘बाई, या पट्टीवर सारखे चौकोन पाडले आणि सगळे एकावर एक बसतील अशा घड्या घातल्या, तर किती प्रकारे घालता येतात? चार चौकोनांच्या सोळा होतात. पाचांच्या पन्नास. मी घालून बघितल्या. पण पुढचा आकडा घड्या न घालता कसा काढायचा?’’

बाईंना येत नव्हतं. येत नाही असं म्हणायला काय जातं? पण सत्तावीस वर्षं ज्या बाईंनी दुसऱ्याच्या चुकांवर फुल्या मारल्या, त्यांच्या तोंडून ते वाक्य निघेना.

‘‘अभ्यासक्रमात आहे का हे?’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो बेचाळिसावा कागद घे.’’

मुलीने पट्टी उचलली, कागद घेतला आणि जागेवर जाऊन बसली.

त्यानंतरच्या महिन्याच्या चाचणीत तिला शंभरपैकी एकोणऐंशी मार्क पडले. ऐंशीच्या खाली ओळीने तीनदा गेलं की बिल्ला काढून घ्यायचा आणि खालच्या मजल्यावरच्या साध्या वर्गात धाडायचं, असा हेडसरांचा नियम होता. पहिल्या वेळी बाईंनी नुसतं तोंड वाकडं केलं. दुसऱ्या महिन्यात पुन्हा एकोणऐंशी. आता मात्र बाईंनी पेपर परत उघडला. शिसपेन्सिलीने खुणा करत बेरीज एकदा केली, दोनदा केली, तिसऱ्यांदा केली. शेवटची कठीण गणितं, जी वर्गात दुसऱ्या कुणालाच आली नव्हती, ती हिची स्वच्छ बरोबर होती. आणि चुकलं काय? सातवीतल्या पोराला झोपेत येईल असं शेकडेवारीचं गणित. बाईंना कळलं. कळून त्यांनी पेपर गठ्ठ्यात सारला. विचारलं तर ही पुन्हा ती पट्टी काढेल, ही भीती. एवढी मोठी बाई आणि कागदाच्या पट्टीला घाबरते!

तिसऱ्या पेपरात घोळ बाईंनीच घातला. दोन मार्कांचा प्रश्न होता: त्रिकोणाच्या बाजू चार, पाच आणि अकरा सेंटीमीटर, क्षेत्रफळ काढा. असा त्रिकोण जगात कुठे नसतो. चार आणि पाच मिळून अकरापर्यंत पोचतच नाहीत. पण वर्गातल्या बावीस प्रज्ञावंतांनी सूत्र घातलं, वर्गमुळाखाली आलेलं उणे चिन्ह अलगद गिळून टाकलं आणि त्या नसलेल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरसकट हजर केलं. बाइंडरच्या मुलीने फक्त लिहिलं होतं, ‘हा त्रिकोण होत नाही.’

चुकीच्या प्रश्नाचे मार्क सगळ्यांना द्यायचे, ही शाळेची रीत. बाईंनी दोन-दोन मार्क वाटले आणि हिची बेरीज केली. उरलेल्या अठ्ठ्याण्णवपैकी सत्त्याहत्तर, अधिक दोन. एकोणऐंशी. म्हणजे पोरीने पेपर लिहितानाच ओळखलं होतं की बाई चुकल्यात, ते दोन मार्क फुकट मिळणार, आणि तेवढे धरून तिने बाकीच्या चुका मोजून केल्या होत्या.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी हेडसरांनी बोलावून घेतलं.

‘‘बाई, एका मार्काने जातेय हो ती. पुढच्या आठवड्यात वरचे साहेब येतायत. वर्ग-घन कोण म्हणून दाखवणार? द्या की एक मार्क. तुमच्या हाताला काय जड आहे?’’

काही जड नव्हतं. संचालकांच्या भाच्याला बाईंनी सहा दिले होते, एका डॉक्टरांच्या मुलीला नऊ. पण आज त्यांना चेव आला. ती पोर सुटू बघतेय, मी तिला सोडवणार, असं काहीतरी थोर त्यांच्या डोक्यात शिरलं.

‘‘नाही वाढणार. हवं तर तुम्ही तपासा, सर. कुठे वाढतोय ते दाखवा, मी देते.’’

हेडसरांनी चष्मा लावून पेपर हातात घेतला. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, अकराव्या गणितावर त्यांच्या कपाळाला घाम आला. त्यात बरोबर काय आणि चूक काय हे त्यांना लाल खुणांवाचून कळणं शक्य नव्हतं. शेवटी त्यांनी पेपर परत दिला आणि बिल्ला काढण्याच्या कागदावर सही ठोकली. बाई केबिनमधून बाहेर आल्या त्या मान ताठ करून. जन्मात पहिल्यांदाच एका मुलासाठी आपण काहीतरी केलं, असं त्यांना वाटत होतं, आणि पोरगी आभार मानेल अशीही वेडी आशा होती.

मधल्या सुट्टीत ती बिल्ला द्यायला आली.

‘‘सगळं ओळखलं मी,’’ बाई हसून, आवाज खाली करत म्हणाल्या. ‘‘सर मार्क वाढवायला सांगत होते. मी म्हटलं, एकही नाही. तुला बाहेर पडायचं होतं ना? पडलीस.’’

मुलीने छातीवरचा बिल्ला सोडवला.

‘‘बाहेर पडायचं असतं तर सगळंच चुकवलं असतं, बाई. शून्य काढायला डोकं लागत नाही.’’

‘‘मग?’’

‘‘कठीण होती ती बरोबर ठेवली. सोपी चुकवली. दर वेळी तेवढाच आकडा आणला. म्हटलं, तपासणाऱ्याच्या लक्षात येईल. बोलावतील, विचारतील, असं का करतेस. मग मी सांगितलं असतं. तुमच्या कधी लक्षात आलं?’’

बाईंना खोटं बोलता आलं असतं.

‘‘दुसऱ्या पेपरला.’’

‘‘हो ना. शिसपेन्सिलीच्या खुणा दिसल्या मला. तीन वेळा बेरीज केली होतीत. त्या आठवड्यात मी रोज मधल्या सुट्टीत वर्गातच थांबले होते.’’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बाईंनी तिला झापलं असतं आणि मोकळ्या झाल्या असत्या.

‘‘मग आता विचारते,’’ बाई घाईघाईने म्हणाल्या. ‘‘सांग ना, बैस. काय हवं होतं तुला?’’

‘‘नको आता, बाई,’’ मुलगी समजुतीने म्हणाली, घरातल्या थकलेल्या माणसाशी बोलावं तशी. ‘‘खालच्या वर्गात मला मागचा बाक मिळालाय. तिथे घड्या घालत बसता येतं.’’

तिने बिल्ला टेबलावर ठेवला, दार हळू ओढून घेतलं आणि गेली. बाई खुर्चीत बसून राहिल्या. त्यांना लाज वाटत होती. ती कुणावर तरी ढकलावी म्हणून त्यांनी आधी हेडसरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, मग पालकांना, मग आपल्या लहानपणच्या मास्तरांना. त्यातल्या एकाही शिवीने त्यांना हलकं वाटलं नाही, कारण ते तिन्ही पेपर दुसऱ्या कुणी तपासलेच नव्हते.