मुखपृष्ठावरचा मामा

नांदुऱ्याच्या स्टेशनाबाहेर एक अडत दुकान कधीचं बंद पडलंय. त्याच्या ओट्यावर शालिग्राम राहतो आणि रोज सकाळी न चुकता दाढी करतो. गॅसच्या शेगड्या अन् कुकर दुरुस्त करणाऱ्याला एवढा नखरा कशाला, असं शेजारचा चहावाला विचारतो. शालिग्रामचं उत्तर तयार असतं, "तुह्या चहाले रंग नाही, मंग मी बी बेरंगच राहू काय बे?"

बायको गेली, मागोमाग रस्तारुंदीत भाड्याची खोलीही गेली. धाकटी बहीण गीताबाई संग्रामपूरला. ती 'ये' म्हणून गळा काढते. पण बहिणीच्या सासरी भावानं सणाला जेवावं, मुक्काम ठोकू नये, हा याचा हेका. म्हणून ओटा.

तर या नखरेल माणसाला पुण्याच्या एका मासिकानं गाठलं. समाजाची लई कळकळ असलेलं मासिक. बेघरांवर विशेषांक काढत होतं. रेवती नावाची मुलगी आली. पोरगी चांगली होती, उगाच खोटं कशाला बोला. धुळीत मांडी घालून बसली, बिनरंगाचा चहाही प्याली. शालिग्रामनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि मग भाचीच्या लग्नावर गाडी आली ती काही हलेना. अश्विनीचं ठरलं होतं. मामानं तिला हाताला धरून मांडवात आणायचं, मंगलाष्टकं संपेस्तोवर तिच्या पाठीशी उभं राहायचं. घर नसलेल्या माणसाची या दुनियेत हक्काची म्हणून तेवढी एक जागा होती. तिच्यासाठी पांढरा शर्ट इस्त्रीवाल्याकडे आधीच जाऊन पडला होता.

"काका, फोटोसाठी जरा नेहमीसारखे बसा ना."

"हे नेहमीचंच हाय ना, बाई."

रेवतीनं कॅमेरा खाली ठेवला. दुपारी शालिग्रामचा डोळा लागला. डोक्याखाली पोतं, एक हात ओट्यावरून लोंबलेला, तळवा उघडा. तेव्हा तिला 'नेहमीसारखं' सापडलं.

अंक पहिल्यांदा पोचला तो नेमका अश्विनीच्या होणाऱ्या सासऱ्याच्या हातात. लक्ष्मीकांत मेहकरला कारकून, मासिकाचे जुने वर्गणीदार. साखरपुड्यात पेढे वाटणारा माणूस मुखपृष्ठावर भीक मागताना दिसला. खाली छापलं होतं, 'या अनाम वृद्धाचं जगात कोणीही नाही.'

गीताबाईचा फोन आला, "काहो दादा, मी मेली काय?"

साठीही न गाठलेल्या शालिग्रामला 'वृद्ध' जास्त झोंबलं. त्यानं रेवतीला फोन लावला.

"बाई, माह्यं नाव काऊन नाही टाकलं?"

"काका, तुमच्या सन्मानासाठीच आम्ही नाव देत नाही."

"अन् तोंड? तोंड तर ताटाएवढं छापलं! बहीण कुठी गेली? भाची कुठी गेली?"

"जागा कमी पडली हो. पण तुमचा संताप फार खरा आहे. पुढच्या अंकात घेऊ? 'आवाज नसलेल्यांचा आवाज' असं आमचं सदर आहे."

"मले आवाज नाही? मंग मघापासून कोण वरडून राह्यलं?"

तिनं तेही लिहून घेतलं असणार.

आता ते लोक आपल्याला मामा म्हणून उभं करतील का, या घोरानं त्याला जेवण जाईना. मग लक्ष्मीकांतांचाच फोन आला, "तुम्ही अवश्य या. तुमची जागा आम्ही ठरवून ठेवलीय." शालिग्रामनं त्या दिवशी दाढी सकाळीही केली, संध्याकाळीही केली.

लग्नाच्या दिवशी ती जागा निघाली पहिल्या रांगेतला सोफा. माईकवर लक्ष्मीकांत, "समाजाच्या तळाशी राहिलेल्या एका बांधवाचा आज आपण सत्कार करतोय..." शाल आली, नारळ आला, टाळ्या आल्या. तिकडे भटजी ओरडत होते, "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं!" शालिग्राम उठला की कोणीतरी मायेनं खाली दाबायचं, "बसा बसा, दमला असाल." शालिग्रामला त्रास नको म्हणून लक्ष्मीकांतांनी गीताबाईच्या चुलतभावाला, अर्जुनरावांना, पुढे केलं होतं.

गीताबाईला हे दिसलं मात्र. "दादा! पोट्टी चालली मांडवात अन् तुमी सोफ्यावर काऊन पसरले?"

शाल टाकून शालिग्राम पळाला. पोचला तर पहिलं मंगलाष्टक सुरू, अन् अश्विनीच्या पाठीशी अर्जुनराव, कपाटासारखे.

"सरक ना बे. मी सख्खा हाय."

"मले सांगतलं, मी उभा राह्यलो. आता मधातूनच कसा हटू?"

हटले नाहीत. दोन मामा कोपरानं कोपर ढोसत उभे राहिले. शालिग्रामच्या वाट्याला नवरीचा अर्धा खांदा आला, अन् अर्ध्या अक्षता अर्जुनरावांच्या टकलावर पडल्या.

पंगतीला बसला तर वरपक्षाचे एक गृहस्थ वाकून कानाशी आले आणि लाडवांची पिशवी मांडीवर ठेवली. "रात्रीसाठी. लाजू नका."

शालिग्रामनं पिशवी बाजूला सारली. भरल्या पंगतीत तो ओरडला, "अहो, मी नवरीचा मामा हाय! सख्खा!"

गृहस्थांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोळे भरून आले होते त्यांचे. "हो काका, हो. वाचलंय मी सगळं," ते म्हणाले आणि वाढप्याला हाक मारून दुसरी पिशवी बांधायला सांगितली.