भिवाजीचा शेप्या आंबा

रामाकोना गावच्या भिवाजीले सोयऱ्यांची नावं ध्यानात राहत नसत, आंब्याच्या झाडांची राहत. खोबऱ्या, शेंदऱ्या, गोट्या आणि शेताच्या बांधावरचा, धुऱ्यावरचा, शेप्या. शेप्याचं फळ मुठीत मावेल एवढं, पिकलं तरी हिरवंच, देठापाशी तेवढी पिवळी झाक. साल जाड, कोय मोठी, धागे तं तागाचे. पण रस गुळावानी अन् वास शेपूच्या भाजीचा. अर्धं गाव नाक मुरडे, बाकीचं अर्धं चोरून नेई.

वाटणीत तो धुरा दोघा भावांच्या मधात आला. धाकट्या पुंडलिकरावले झाड तोडून दाराच्या फळ्या पाडायच्या होत्या. भिवाजीनं सौंसरच्या तहसिलीत अर्ज टाकला. नागपूर तवा मुंबईकडे गेलं होतं अन् सौंसर भोपाळकडे राहिलं होतं. अर्ज कुठून कुठून फिरला देव जाणे. सत्तावनच्या जेठात फळबागेचे एक साहेब आले. जात चांगली निघाली तं झाड राहील, नाही तं तोडा, असं ठरलं.

साहेबापुढं आंबा चोखायले कसा ठेवायचा, म्हणून भिवाजीच्या पोरानं, जयवंतानं, फोडी कापून बशीत मांडल्या. त्या घरात गावरान आंब्याले सुरी पहिल्यांदाच लागली. साहेबाच्या दातांत धागे असे अडकले का ते बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले. मंग कागदावर लिहू लागले, धागे फार, साल जाड, वास संशयास्पद.

भिवाजी बशी उचलून आंब्याच्या टोपल्यापाशी जाऊन बसला.

पुंडलिकराव मांडीवर कुऱ्हाड घेऊन निकालाची वाट पाहत होता. हात रिकामा, टोपलं जवळ. त्यानं एक आंबा उचलला, दाबून नरम केला, देठाचा चीक पिळून टाकला अन् तोंडाले लावला. मंग दुसरा. मंग तिसरा. साहेबाची लेखणी थांबली. हा काय करून राहिला, त्यांनी विचारलं.

"खाऊन राहिला, साहेब," भिवाजी म्हणाला. "झाड तोडायचं हाय ना त्याले."

साहेबानं पुंडलिकरावापुढच्या कोया मोजल्या, नऊ भरल्या. त्यांनी बाह्या वर सारल्या अन् एक आंबा तसाच दाबून चोखला. रस कोपरापर्यंत गेला. चौथ्या आंब्यानंतर त्यांनी नवा कागद घेतला. सुरी लावू नये, चोखून खावा, झाड राखावं.

मंग मालकाचं नाव विचारलं. भिवाजी उठेपर्यंत पुंडलिकरावानं तोंडातली कोय काढली.

"दोघाईचं लिवा, साहेब. माहं पयले."