घट्टमामाची पांढरी रेघ

घट्टमामा हे नाव त्याला ड्रायव्हर लोकांनी चिकटवलं होतं. जीपगाड्या उंच करून द्यायचा त्याचा धंदा, आणि त्याने आवळलेला नट पुन्हा जागचा हलत नाही अशी ख्याती. तो घट्टमामा झाल्यावर त्याची बायको आपोआप मामी झाली. तिला कोणी विचारलं नव्हतं, पण तशी तिला बऱ्याच गोष्टींत कोणी विचारलं नव्हतं. गॅरेजच्या पुढच्या भागात बसून ती सामान द्यायची, फोन घ्यायची आणि गिऱ्हाइकांची थापेबाजी हसून ऐकून घ्यायची.

लांब स्प्रिंगा घातल्या की गाडी उंच झाली, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल तसं करावं आणि पहिल्या उतारावर देवाचा धावा करावा. गाडी वर गेली की खालचं सगळं गणित बिघडतं. पुढचा अ‍ॅक्सल एका अंगाला सरकतो, ब्रेकच्या नळ्या आखूड पडतात, स्टेअरिंग सरळ धरलं तरी वाकडं दिसतं. हे सगळं पुन्हा जागेवर आणायचं. आणि रबरी बुशांचे, म्हणजे सांध्यांत बसवलेल्या रबरी नळकांड्यांचे, बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना कधीही आवळायचे नाहीत. आधी गाडी चाकांवर उतरवायची, तिचं वजन तिला पेलू द्यायचं, मगच खालच्या खड्ड्यात शिरून शेवटचा पीळ द्यायचा. नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि चार महिन्यांत फाटतं.

शेवटचा पीळ दिला की मामा बारीक ब्रशने नटावरून बोल्टावर एक पांढरी रेघ ओढायचा. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. "महिनाभर पळवा आणि रेघा दाखवायला आणा," असं तो प्रत्येकाला बजावायचा. येत कोणीच नसे. घट्टमामाच्या कामात काय बघायचंय, म्हणायचे.

त्याच घट्टमामाची बोटं मेली होती. आधी करंगळी बधिर झाली, मग शेजारची दोन बोटं, मग पकडीतला जोर गेला. डॉक्टरने सुई टोचून पाहिली आणि सांगितलं, "नट फिरवायचं हवेवरचं मशीन इतकी वर्षं हातात थरथरलंय, नसा गेल्या. आहे ते सांभाळा, गेलेलं परत येणार नाही." मामाने मान डोलावली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "जीवनसत्त्वं कमी पडतात म्हणाला." तिने गोळ्या आणल्या. त्या तो इमानेइतबारे खात होता. बटणांचा शर्ट सोडून बनियनवर आला, तर म्हणे उकडतं. रोज सकाळी पाना हातात घेताना त्याला वाटायचं, की आज कोणाला तरी कळणार. हात गेले की घट्टमामा संपला. मग कोपऱ्यात बसून इतरांना अक्कल शिकवणारा एक म्हातारा उरणार, आणि तसले म्हातारे त्याला आयुष्यभर डोक्यात गेले होते.

मग एका सकाळी दगडखाणीवरचा ड्रायव्हर त्याची जीप घेऊन आला. नव्या साहेबाचा हट्ट होता, मामा सांगतात तर रेघा दाखवून या. मामा खड्ड्यात उतरला, बॅटरीचा उजेड वर मारला. रेघ तुटली होती. मग त्याने नीट पाहिलं. सैल झालेला नट मागे फिरतो. हा पुढे सरकला होता, म्हणजे आणखी आवळला गेला होता. शेजारचाही पुढे, पलीकडचाही पुढे.

"कोणाला हात लावू दिलास का रे खाली?"

"तुमच्या गाडीला कोण हात लावतंय, मामा? नेली तशी आणली."

ड्रायव्हर गेल्यावर मामा कालच पुरी झालेल्या, मालकाची वाट बघत उभ्या असलेल्या जीपखाली शिरला. तिच्याही सगळ्या रेघा पुढे तुटलेल्या. ही गाडी तर गॅरेजच्या बाहेर पडलीच नव्हती. आणि गॅरेजात माणसं होती दोन. तो खड्ड्यात तसाच उभा राहिला. आपण केलेलं काम कोणीतरी मागून निस्तरतंय, आणि कोण ते विचारायचीही गरज नाही, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

त्या दिवशी हातात तिसरी जीप होती. ती चाकांवर उतरवून त्याने जीव तोडून बोल्ट आवळले. पाय भिंतीला लावला, खांद्याने जोर भरला, डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा थांबला. याच्यापुढे तिने फिरवूनच दाखवावा, असं तो स्वतःशी म्हणाला. रेघा ओढल्या आणि रोजच्यासारखा मागच्या घरात जेवायला गेला.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही पडा जरा. मी पुढचं आवरून येते."

तो पडला नाही. गॅरेजच्या दाराआड येऊन उभा राहिला. कपाट उघडल्याचा आवाज आला. तिथे स्प्रिंगा विकणाऱ्याने फुकट दिलेला टॉर्क पाना पडून होता. ठरलेला जोर भरला की टक् असा वाजणारा तो पाना मामाने कधी हातात धरला नव्हता. मनगटाला कळतं ते दांडक्याला काय कळणार, म्हणायचा. तिची चप्पल खड्ड्याच्या पायऱ्यांवर वाजली. मामाने श्वास धरला. बोल्ट खरंच घट्ट असेल, तर पाना लावल्याबरोबर टक् वाजेल.

पाना करकरला. टक् नाही. पुन्हा करकरला. पुन्हा. ती मध्ये थांबली, दम घेतला, पुन्हा फिरवू लागली. इतका सैल नट त्याच्या हातून उमेदवारीतही सुटला नव्हता. कितीतरी वेळाने टक् झालं, आणि ती दुसऱ्या बोल्टाकडे वळली. तिथेही तेच. सगळे होईस्तोवर तो उभा राहिला, मग जाऊन खाटेवर डोळे मिटून पडला.

ती हात धुऊन आली. "अहो, उठा. चहा केलाय. गाडीवाल्याचा फोन होता, त्याला म्हटलं घेऊन जा, मामांनी स्वतःच्या हाताने आवळलंय."

"बरं," तो म्हणाला.

तिने कप पुढे केला. त्याने धरला. तिने मात्र सोडला नाही. त्याची बोटं कपाभोवती नीट बसली आहेत, हे बघून झाल्यावरच हात काढला. हे ती रोजच करत होती, आणि त्याच्या ते आज लक्षात आलं.