आत्याबाईंची विभूती

कळंबमध्ये माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, अजूनही सगळे 'गिरणीवाल्या शिवम्मा' म्हणतात. गिरणी विकून बरीच वर्षं झाली. सासरे गेल्यावर त्यांनी ती एकटीनं चालवली. रोज पहाटे मोटारीला विभूतीचे तीन पट्टे ओढायचे आणि मगच बटण दाबायचं. त्यांच्या हातात असेपर्यंत मोटार एकदाही जळाली नाही. याचं श्रेय त्यांनी वायरमनला कधीच दिलं नाही.

माझी मुलगी शिवप्रिया पाचवीत असताना घेतलेला कॉम्प्युटर आत्याबाईंच्या खोलीत असतो. आता तो म्हातारा झालाय. सुरू केला की चहा पिऊन, कपबशा विसळून होतात, तेव्हा कुठं पडद्यावर काहीतरी उमटतं. अलीकडं तर तापून आपोआप बंद पडायला लागला होता. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण शिवप्रियाला पुण्याच्या एका कंपनीची नोकरीची परीक्षा रविवारी घरूनच द्यायची होती. मोबाइल चालणार नाही आणि मध्येच बंद पडलं तर पुन्हा संधी नाही, असं त्यांनी बजावलं होतं. ती निवांत होती. झोप माझी उडाली होती.

घरात उपाय सुरू झाले. जागा व्हावी म्हणून ह्यांनी लग्नांचे जुने व्हिडिओ काढून टाकले. त्यात नेमके माझ्या माहेरचेच गेले, चुलत दिरांचे राहिले. शेजारच्या प्रतीक्षानं आपोआप सुरू होणारं काय काय थांबवून दिलं. मी टेबलफॅन त्याच्या तोंडासमोर लावला आणि आम्ही घामाघूम बसलो. मशीनला दृष्ट लागलीय, मी बघते, असं आत्याबाईंनी खाटेवरूनच सांगून टाकलं.

शेवटी बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या शांतलिंगला बोलावलं. त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं. आतला पंखा दिसत नव्हता. गिरणीच्या भिंतीवर पीठ बसतं तसा सगळीकडं पांढुरका थर.

"वहिनी, ह्या खोलीत चूल हाय का?"

मी नाही म्हणाले. त्यानं तो थर बोटावर घेतला, वास घेतला आणि सवयीनं कपाळाला लावला. तेव्हा आमच्या सगळ्यांच्या माना खाटेकडं वळल्या.

आत्याबाई जराही बावरल्या नाहीत. सगळे झोपेत असताना त्या रोज कॉम्प्युटरला पट्टे ओढत आणि हातावर उरलेली विभूती वरच्या जाळीतून आत सोडत. तो रेंगाळायला लागल्यावर त्यांनी माप वाढवलं होतं. परीक्षा ठरल्यापासून तर मूठ मूठ.

"मोटारीला लावत व्हते की. कवा बंद पडली का?"

"आजी, मोटारीला तुमी वरनं लावत व्हता," शांतलिंग म्हणाला. "ह्याच्या तर नाकात घातलीया. श्वास कुठनं घ्यावा त्यानं?"

आत्याबाई खाटेवरून उतरल्या आणि डब्यात डोकावल्या. शांतलिंग ब्रश फिरवत असताना त्यांनी मला हळूच विचारलं, "उमा, पोरीचा पेपर माझ्यापायी बुडाला असता काय गं?"

मी नाही म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही.

शांतलिंगनं पंखा साफ केला आणि जुनी डिस्क काढून नवी बसवली. निघालेली विभूती केरात टाकायची नाही म्हणून आत्याबाईंनी ती कागदावर गोळा केली आणि बेलाच्या बुडाशी घातली. मग कॉम्प्युटरवरचा स्वतः विणलेला रुमालही, कुणी न सांगता, काढून घडी करून ठेवला.

रविवारी मी बटण दाबलं आणि चहाचं आधण ठेवायला वळेपर्यंत तो सुरू झाला. इतक्या वर्षांत जे झालं नाही ते आज होतंय, म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय. शिवप्रिया वेणी घालत होती. मी देव्हाऱ्यातून विभूती घेतली आणि हात जाळीपाशी नेला.

मागून कुणीतरी मनगट धरलं. गिरणीवालीची पकड.

"शिकलेली ना गं तू? पोरीच्या कपाळाला लाव. त्याला सर्दी व्हती."

परीक्षा होईपर्यंत आत्याबाई दाराबाहेर पाट टाकून बसल्या. मिक्सर लावू दिला नाही, ह्यांना खोकू दिलं नाही. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. शिवप्रिया हसत बाहेर आली तसं आत्याबाईंनी आत जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून बघितलं.

"ताप न्हाय," त्या म्हणाल्या. मग मला हात धुऊन यायला सांगितलं, कारण उरलेल्या विभूतीची माझी मूठ अजून मिटलेलीच होती.